लढाईच्या मागोमाग आलेली पटकी

५ नोव्हेंबर १८१७ला खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांशी भिडली. त्याच महिन्यात तिकडे बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी शिरली आणि तिने हजारो माणसं नेली, त्यांत बाजारबुणगेच जास्त. छावणी उठवून बेतवेच्या काठी नेली, तेव्हा कुठे तिचा जोर ओसरला. पुढल्या जूनमध्ये बाजीराव शरण गेले आणि ऑगस्टमध्ये पटकी मुंबईत होती. इंग्रज डॉक्टर हवेला दोष देत होते, आपण मरीआईचा गाडा शिवेपार ढकलत होतो. पाण्याकडे पुराव्यानिशी बोट दाखवलं लंडनच्या जॉन स्नोने, १८५४ साली.

तेव्हाची मुंबई विहिरी-तळ्यांचं पाणी पीत होती. विहारचं पाणी नळाने आलं १८६० साली. पण पाणी आधी आलं, गटारं मागे राहिली. आपल्याकडे आजही नळजोडणीचं उद्घाटन होतं, मलवाहिनीचं क्वचितच.

लढाईत नेमकं काय बिघडतं? जंतू बंदुकीतून येत नाही. वीज जाते, पंप बंद पडतो, गटार तुंबतं, सफाई कामगारांचे पगार थांबतात. येमेनच्या युद्धात हेच झालं. २०१७च्या अखेरीस तिथल्या पटकीच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली होती.

१९९४च्या जुलैत रवांडातून पळालेले लाखो लोक सीमेपलीकडच्या गोमा गावाजवळ येऊन थांबले. जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. कातळात शौचखड्डा खणणं म्हणजे काय, हे कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. खड्डे झाले नाहीत, लोक किवू सरोवराचंच पाणी प्यायले, आणि पहिल्या महिनाभरात पटकी आणि हगवणीने सुमारे पन्नास हजार माणसं गेली.

औषध नव्हतं असं नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या शरणार्थी छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आणलं. पण ते आजारी पडल्यानंतरचं. आधीचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून त्याची बातमी होत नाही.

ते काम असं: माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास, आणि तो पाण्यापासून निदान तीस मीटर दूर. अंधारात असेल तर बायका रात्री तिथे जात नाहीत, म्हणून दिवा हवा. पाणवठ्यावर एक माणूस उभा करायचा. त्याने प्रत्येकाच्या बादलीत मोजून क्लोरीन घालायचं आणि अर्धा तास थांबायला सांगायचं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटी. शिवाय पाणी घरी नेल्यावर रुंद तोंडाच्या पिंपात हात बुडाला, की सगळं मुसळ केरात. तोटीचा किंवा अरुंद तोंडाचा कॅन हवा.

आपणही निर्धास्त राहू नये. आपल्या नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब पडतो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

लढाईची बातमी आली, की इथली मंडळं औषधांची खोकी बांधायला घेतात. बांधावीत. पण पंपाचं डिझेल, क्लोरीन आणि बादलीशी उभ्या असलेल्या त्या माणसाचा पगार, यांसाठी पावती फाडलेली मी अजून पाहिलेली नाही.