तान्ह्या बाळांचे जंतू आणि औषधाची अमानत



मी शाळामास्तर, वैद्य नव्हे. परंतु वर्गात जंतूंचा धडा शिकविण्यासाठी जे वाचले, ते आज आपल्यापुढे मांडतो. कारण त्याचा संबंध प्रत्येक घरच्या पाळण्याशी आहे.

नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरून जो घातक आजार होतो, त्यास सेप्सिस म्हणतात. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, अंग गार पडते किंवा तापते, श्वास जलद होतो. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ या काळात प्रयोग केला. गावच्याच स्त्रियांना शिकवून त्यांनी घरोघरी या आजारावर उपचार करविले. जेन्टामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने द्यावयाचे एक औषध, एवढीच सामग्री! पूर्वी अशा शंभर आजारी बाळांपैकी सुमारे १७ दगावत. उपचारानंतर ही संख्या ३ वर आली.

पुढे दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० बाळांची पाहणी झाली. तेथे सापडलेल्या क्लेबसिएला जंतूंपैकी ५४ टक्के, तर असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद देईनात. खेड्यातले व रुग्णालयातले जंतू सारखे नसतात हे खरे. तरी इशारा स्पष्ट आहे.

असे का व्हावे? आपल्या धारवाडकडे जोंधळा हे नाव एक, पण वाण अनेक. क्लेबसिएलाचेही तसेच. म्हणून एका बाळास लागू पडलेले औषध दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. शिवाय माणूस आपले गुण फक्त मुलाबाळांस देतो. जंतू मात्र औषधाला तोंड देणारे जनुक शेजारच्या परक्या जंतूसही देतो, वर्गात पोरांनी चिठ्ठी सरकवावी तसे! औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात व वाढतात. म्हणजे विनाकारण घेतलेला प्रत्येक डोस चिवटांचीच शेती पिकवितो.

तेव्हा बाळास हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. नाळेस काही लावू नये. आईचेच दूध द्यावे. वरील लक्षण दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा व डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितल्यास कुरकुर करू नये. घरात उरलेले औषध तर कधीच पाजू नये.

औषधाचा गुण ही उद्या जन्मणाऱ्या बाळाची आपल्यापाशी ठेवलेली अमानत आहे. ती आपण उधळू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.