एसीतून कुबट वास येतोय? परफ्यूम नंतर, आधी कारण शोधा

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण पावसाळ्यात निम्म्या गाड्यांचं हेच रडगाणं असतं. एसी लावला की पहिल्या मिनिटाला ओल्या मोज्यांसारखा वास येतो. मग आपण काय करतो? व्हेंटला परफ्यूमची डबी अडकवतो. म्हणजे कोडमध्ये एरर येतेय आणि आपण एरर मेसेजच लपवतोय. बग आत तसाच!

माझ्या आईला दमा आहे. गाडीत बसली की ती नाकाला पदर लावायची. कुबट वासाने तिला खोकला यायचा आणि परफ्यूमने त्याहून जास्त. तेव्हापासून आमच्या गाडीत परफ्यूम बंद. बुरशी आणि उग्र सुगंध, दोन्हींनी दमा उसळू शकतो. त्यामुळे हा फक्त 'फ्रेश वाटण्याचा' प्रश्न नाही.

आता वास येतो कुठून? डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो ना, तशी ही कॉइल हवेतल्या दमटपणाने ओली होते. ते पाणी एका छोट्या नळीतून गाडीखाली टिपकतं. पण गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते. त्यात धूळ, अंधार आणि ऊब. बुरशी आणि जिवाणूंना आणखी काय हवं?

मग डीबगिंग करूया, स्वस्तापासून महागापर्यंत.

पहिलं, केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही बेस मॉडेलमध्ये नसतोच, म्हणून मॅन्युअल बघा. फिल्टर काळा, ओला किंवा पानांनी भरलेला असेल तर बदला. कागदी फिल्टर धुऊन परत लावू नका. नवीन बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण नीट बघा.

दुसरं, पाण्याची नळी. एसी १०-१५ मिनिटं चालवा आणि गाडीखाली बघा. दमट हवेत पाणी टिपकायलाच हवं. टिपकत नसेल आणि पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं लागत असेल, तर नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. ती मेकॅनिककडून साफ करून घ्या. कार्पेट मात्र पूर्ण वाळवा, नाहीतर वास तिथूनच येत राहील.

तिसरं, कॉइल साफ करणं. त्यासाठी फोमचा स्प्रे मिळतो. डबीवरच्या सूचना पाळा, दारं उघडी ठेवा आणि जवळपास काडी किंवा सिगारेट पेटवू नका, कारण असे बरेच स्प्रे ज्वालाग्राही असतात. नंतर गाडीला भरपूर हवा खाऊ द्या. घरात दम्याचा माणूस असेल तर त्या दिवशी त्याला गाडीत बसवू नका.

एका गॅरेजमध्ये मला फिल्टर न बघताच सांगितलं होतं, "डॅशबोर्ड खोलावा लागेल." कधीकधी खोलावा लागतोही. पण आधी एवढंच विचारा, "फिल्टर आणि नळी बघितली का?"

आता सवय. पोचायच्या ४-५ मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. कॉइल वाळते. पण जोराचा पाऊस असेल तर चालवताना हे नको, काचेवर वाफ धरते आणि रस्ता दिसत नाही. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तर अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक वास बुरशीचा नसतो.

गोडसर वास, काचेवर आतून चिकट थर आणि कूलंट कमी होतंय? हीटरमधून कूलंट गळत असेल. ते विषारी असतं, लगेच दाखवा.

पेट्रोलचा किंवा वायर जळल्याचा वास? गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा आणि मेकॅनिकला बोलवा.

सायलेन्सरचा धूर आत येतोय, डोकं दुखतंय, गरगरतंय? आधी मोकळ्या हवेत या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून तो जास्त घातक. एसी लावून बंद गाडीत झोपायचं नाही, ते याचसाठी.

आणि मेलेल्या जनावरासारखा वास आला तर बहुतेक उंदीर. पावसात ते बोनेटखाली आसरा घेतात. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशक शिंपडून ओल्या करा आणि मग पुसून काढा.

थोडक्यात, वास म्हणजे गाडीने पाठवलेलं नोटिफिकेशन. ते म्यूट करण्याआधी एकदा वाचा. या रविवारी १० मिनिटं काढा, ग्लोव्ह बॉक्स उघडा आणि फिल्टरची काय दशा आहे ते बघा. हा भाग गाडी चालवताना ऐकत असाल तर आत्ता नाही हं, घरी पोचल्यावर! भेटू पुढच्या भागात.