गाळलेला रकाना



  नवजात बाळांच्या डॉक्टरांच्या या अधिवेशनाला यंदा सिस्टर मंडळींनाही प्रतिनिधी म्हणून बोलावलंत, ते सगळ्यात चांगलं केलंत.

अध्यक्षानं आजारांचा आढावा घ्यायचा अशी आपली प्रथा आहे. घेतो. आपल्या अतिदक्षता विभागांत येणारी बाळं तीच आहेत: अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, जन्मल्यावर न रडलेली, जंतुसंसर्गानं मलूल झालेली, काविळीनं पिवळी पडलेली. बदलले ते जंतू. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतल्या तेरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला आघाडीवर होते आणि आपली बरीचशी प्रतिजैविकं त्यांच्यापुढे निकामी ठरली होती. उपचारही बदलले. श्वासाला आधार देणारं सीपॅप आलं, फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट आलं. २००३ साली पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात सुरू झालेल्या विशेष नवजात कक्षाचा नमुना देशभर गेला. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०२० च्या आकड्यांनुसार हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत देशात २० बाळं दगावत होती, महाराष्ट्रात ११. या ११ साठी टाळ्या वाजवायला माझी हरकत नाही. आढावा संपला.

आता जे बोलायला बरीच वर्षं थांबलो होतो ते बोलतो.

अशाच एका अधिवेशनात एका तरुण मित्रानं शोधनिबंध वाचला. विषय दर वर्षीचाच, दाखल झालेल्या नवजात बालकांचे आजार आणि त्यांचं पुढं काय झालं. तक्ते सुबक होते, मृत्युदर नजरेत भरावा इतका कमी होता. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: सल्ल्याविरुद्ध घरी नेलेली बाळं विश्लेषणातून वगळली आहेत. मी उठून विचारलं, ती बाळं कुठं गेली? तो म्हणाला, ‘सर, लामा.’ म्हणजे ‘लेफ्ट अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’, सल्ल्याविरुद्ध नेलेली. म्हटलं, ते कळलं, पण गेली कुठं? तेवढ्यात अध्यक्षांनी घंटी वाजवली. आज घंटी माझ्या टेबलावर आहे.

आपल्या रजिस्टरात शेवटचे रकाने चार. बरं होऊन घरी, वर (म्हणजे मोठ्या रुग्णालयात) पाठवलं, लामा आणि मृत्यू. मृत्यूच्या रकान्यात खूण झाली की कागद धावू लागतात. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांपासून बालमृत्यूचं परीक्षण होतं, बैठका होतात, खुलासे द्यावे लागतात. लामाच्या रकान्याला काय लागतं? एक सही, नाहीतर अंगठा. बाळ तेच, आजार तोच, पण एका खुणेला खुलासा आणि दुसरीला काहीच नाही. मग कठीण रात्री काय होतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खोटं कुणीच लिहीत नाही. फक्त नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘काही सांगता येत नाही, न्यायचं तर न्या.’ पहाटे चारला हे ऐकलेला बाप काय करील? ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ असं लिहून देतो आणि टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन रिक्षा शोधतो. थोडं पुढारलेल्या ठिकाणी हेच काम ‘वर पाठवलं’ या रकान्यात उरकतं.

हिशेब सोपा आहे. समजा, शंभर बाळं दाखल झाली, १० दगावली, १५ लामा झाली. एक लेखक मृत्युदर १० टक्के छापेल. दुसरा ती १५ वगळून ८५ वर हिशेब मांडेल आणि १२ च्या आसपास येईल. खरा आकडा १० पासून २५ पर्यंत कुठंही असू शकतो. ही १५ बाळं काही चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. काविळीचं बाळ दोन दिवस निळ्या दिव्याखाली राहून हसत घरी जातं. सही होते ती पहिल्या आठवड्यातल्या किलोभराच्या बाळाची, नाहीतर झटके न थांबणाऱ्या बाळाची. म्हणजे सर्वांत आजारी तेवढी वेचून काढायची आणि उरलेल्यांच्या यशाचा आलेख काढायचा!

कालच्या परिसंवादात या सह्यांना कारण काय यावर वाद रंगला. एका बाजूनं अज्ञान म्हटलं, दुसरीनं पैसा. मी जिल्ह्याच्या गावी नोकरीत होतो तिथला प्रसंग सांगतो. बाराशे ग्रॅमचं बाळ काचेच्या पेटीत होतं. आजी म्हणे, न्यायचंच. धोके समजावून झाले, आवाज चढवून झाला. आमच्या इन्चार्ज सिस्टर पुढं आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, ‘मावशी, बाळाची आई कुठं आहे?’ आई साठ किलोमीटरवर, तालुक्याला, सिझेरियन होऊन पडलेली. बाप ऊसतोडीच्या टोळीतला, उचल घेतलेला, आणि मुकादमाचे निरोपावर निरोप. घरात धडधाकट माणूस आजी एकटी. सिस्टरांनी गाडीची खटपट करून आईला आणलं आणि आमच्याच मजल्यावर खाट दिली. आजीनं पुन्हा सहीचं नाव काढलं नाही. हे अज्ञानही नव्हतं आणि औषधाचा खर्चही नव्हता, कारण उपचार मोफतच होते. दोन गावांत दोन आजारी आणि धावायला एक म्हातारी. माझ्यापुरता वाद तिथं मिटला. आणि हो, बाळ मुलगी असली की सही लवकर होते. याचा आकडा माझ्याकडं मागू नका, तो रकाना आपणच गाळतो.

त्या सिस्टरांची एक वही होती. लामा झालेल्या प्रत्येक बाळाच्या गावातल्या कुणाचा तरी फोन, दुकानदाराचा, आशाताईचा, त्या लिहून ठेवत. दोन-तीन दिवसांनी फोन लावत आणि बाळ असेल तर परत घेऊन या म्हणत. काही बाळं परत आली. काहींच्या नावापुढं त्यांनी तारीख लिहिली. मला माहीत असलेली नवजात बाळांची सर्वांत प्रामाणिक नोंद ती आहे, आणि तिच्यावर कुणी पदव्युत्तर प्रबंध लिहिला नाही.

‘सर, घरी गेलेलं बाळ शोधणं आपल्याकडं शक्य नाही,’ हे उत्तर मी पुष्कळ ऐकलं. सकाळी तुम्ही ज्या हेलिक्स चाचणीवर तावातावानं बोललात, तीच उघडा. २०२१ ची. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालयं, न रडलेली ४०८ बाळं. थंड ठेवण्याच्या उपचारानं फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले, एवढंच आपण लक्षात ठेवलं. माझं लक्ष दुसरीकडं गेलं. दीड वर्षानंतर त्यातल्या सुमारे ९७ टक्के बाळांचं काय झालं हे संशोधकांना सांगता आलं. आपल्याच देशांतली, आपल्याच प्रकारची घरं! आणि गडचिरोली तर आपलीच. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा १९९९ चा निबंध जगभर गेला तो ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला म्हणून. पण त्याआधी गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला गेला होता. तिथं वगळलेलं बाळ नव्हतं.

उपायाचं म्हणाल तर आईला आत घ्या. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली आईच्या दुधाची पेढी उभी केली, त्याच विभागात आयांनाही बाळांच्या शुश्रूषेत सामील करून घेतलं. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत आईला सुरुवातीपासून बाळाजवळ ठेवून छातीशी धरायला दिलं, तेव्हा मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. ते संशोधक लामाबद्दल बोलत नाहीत, मी बोलतो. आई आत असली की सही मागायला दारात कुणी उभं राहत नाही.

बाकी कामं आपण वर्षभरात करूच. एकपानी फॉर्म करू, अठ्ठाविसाव्या दिवशी फोन करू. बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई घरी जातेच, तिच्याशी जोडून घेऊ. समिती नेमायची आहे, निमंत्रक जेवताना ठरवू.

एक गोष्ट मात्र जेवणावर टाकत नाही. पुढच्या वर्षी लामा आणि वर पाठवलेली बाळं वगळून मृत्युदर सांगणारा एकही निबंध या व्यासपीठावर घेऊ नये. तसा आदेश काढण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही, असं सचिवांनी काल मला संघटनेची घटना दाखवून सांगितलं. म्हणून विज्ञान समितीला माझी ही जाहीर विनंती आहे.