गाड्याखालचं बाळ

(वसंत व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेवर विषय छापलाय 'श्रीकृष्णजन्म आणि बाळलीला'. त्यातला जन्म मी तुमच्यावर सोपवते. बंदिशाळा, आकाशवाणी, दुथडी भरलेली यमुना, टोपली, हे सगळं इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. मला वसुदेव पैलतीरी पोचला तिथून सुरुवात करायची आहे. तो पोचला कुठे?

(सभागृहातून : "गोकुळात!")

बरोबर. आणि गोकुळ म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे नंदाचा चौसोपी वाडा आला, खांब आले, झोपाळा आला, माजघरातलं शिंकं आलं. हो ना, काकू? (हशा) कॅलेंडरांनी आणि सिनेमांनी आपल्याला तेच दाखवलं. माझं म्हणणं असं की कथेच्या जुन्या रूपात या वाड्याला फारशी जागाच नाही. तिथे गाडे आहेत. कृष्ण तळावर वाढलेलं मूल आहे, कुरणामागे फिरणाऱ्या माणसांचं मूल आहे. हे विसरलो आणि त्याच्या निम्म्या लीला आपल्याला कळेनाशा झाल्या.

हे जुनं रूप म्हणजे हरिवंश, महाभारताचं खिल, म्हणजे पुरवणी. भागवताचा दशम स्कंध त्याच्या कितीतरी नंतरचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं हरिवंशाची चिकित्सित आवृत्ती काढली. संपादक प. ल. वैद्य, पहिला खंड १९६९चा. महाराष्ट्रात बसून हे काम झालं आणि महाराष्ट्रातच ते फार थोड्यांनी उघडून पाहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यात काय आहे पाहा. यशोदा तान्ह्या बाळाला गाड्याखाली निजवते आणि यमुनेवर अंघोळीला जाते. बाळाला भूक लागते, ते रडतं, पाय झाडतं आणि गाडा उलटतो. इतकंच. शकटासुर कुठे गेला? तो तिथे नाहीच. भागवतातसुद्धा या प्रसंगात गाड्यावर दह्यादुधाची भांडी आहेत, राक्षस नाही. असुर मागाहून आला. माझ्या मते तो आला याचं कारण हे की पक्क्या घरात राहणाऱ्या श्रोत्यांना प्रश्न पडायला लागला, आई बाळाला गाड्याखाली ठेवेलच कशाला? बीडहून उसाच्या फडावर गेलेल्या बाईला हा प्रश्न पडत नाही. तिचं तान्हं बैलगाडीच्या सावलीतच असतं. जोधपूरजवळच्या मंडोरला जे गुप्तकाळातले कोरीव खांब सापडले, त्यांवर गोवर्धनाबरोबर हा उलटलेला गाडाही आहे. त्या कारागिरांना हा प्रसंग केवढा मोठा वाटला असेल!

पूतनेचंही तसंच. हरिवंशात ती नटूनथटून येत नाही, मध्यरात्री पक्षिणीच्या रूपात येते. सुश्रुतसंहितेत तान्ह्या मुलांना पछाडणारे जे बालग्रह सांगितलेत त्यांत पूतना आहे आणि शकुनी, म्हणजे पक्षिणीही आहे. उघड्यावर मूल वाढवणाऱ्या आईची रात्रीची भीती त्या कथेत आहे. पण ते एक स्वतंत्र व्याख्यान होईल. मला लांडग्यांकडे जायचंय.

(कुजबुज) हो, लांडगे! हरिवंशात बलराम-कृष्ण सात वर्षांचे झालेत. कृष्ण बलरामाला म्हणतो, दादा, या वनात आता राम राहिला नाही, गवत गाईंनी खाल्लं, झाडं माणसांनी तोडली, आपण वृंदावनाला जाऊ या, तिथे गोवर्धन आहे, भांडीर वड आहे, यमुना आहे. पण मोठी माणसं मुलाच्या सांगण्यावरून तळ हलवतात होय? मग तो काय करतो? त्याच्या अंगावरच्या केसांतून लांडगे निघतात, शेकड्यांनी. ते वासरं उचलतात, मुलं उचलतात. अखेर व्रज, म्हणजे गवळ्यांचा तळ, घाबरून गाडे जुंपतो आणि वृंदावनाला निघतो.

अंगातून लांडगे सोडणारा बाळकृष्ण! आपल्या पाळण्यांत तो कुठे आहे? भागवतकारांनी त्याला गाळला. तिथे उत्पातांना कंटाळून वडीलधारे सभा भरवतात आणि उपनंद नावाचा जाणता गवळी सल्ला देतो. कथा सभ्य झाली.

फलटणच्या बाजूला एका रानात धनगरांचा वाडा उतरला होता, तिथली गोष्ट सांगते. वाडा म्हणजे धनगरांचा तळ. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती, भोवती वाघर, म्हणजे जाळी, लावलेली, घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड एका बाजूला, कोकरं डालग्यांत. एक आजी चुलीपाशी होत्या. मी त्यांना ही लांडग्यांची कथा सांगितली. शहरात सांगितली की लोक दचकतात. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "मग बरोबरच केलं की त्यानं. चारा सरला की माणसाला उठवत न्हाई बाई, गुतून बसतंय. लांडगा आला म्हंजी उठतंय." मग त्यांनी मलाच विचारलं, "त्यानं वासरं परत दिली का?" मी निरुत्तर झाले. त्या सांगत राहिल्या, कुठल्या सालात कोणत्या ओढ्यात लांडग्यानं किती कोकरं नेली, कोणती कुत्री मेली, कोकणच्या वाटेवर कोणता घाट वाईट. लांडग्यावर राग होता, पण त्याचा वाटा त्यांनी धरलेलाच होता. मी टिपणवही मिटून ठेवली. अंधार पडेपर्यंत तिथेच बसले, चहा झाला, दुसरा झाला…

(कार्यवाह चिठ्ठी देतात.)

दहा मिनिटं? बरं. मग कालिया आणि केशी तुम्ही घरी वाचा. गोवर्धन मात्र सोडणार नाही.

गोवर्धनाला आपण चमत्कार म्हणून पाहतो, सात दिवस करंगळीवर डोंगर. त्याच्या आधीचं भाषण कोणी ऐकत नाही. हरिवंशातला कृष्ण गोपांना सांगतो, शेतकऱ्याची जीविका शेती, व्यापाऱ्याची व्यापार, आपली गाई. मग इंद्राचा उत्सव आपण कशाला करायचा? आपण डोंगराला पुजू. भागवतात तर तो नंदबाबांना स्पष्टच म्हणतो की आपल्याला नगरं नाहीत, गावं नाहीत, घरं नाहीत, आपण रानातली माणसं. ज्या ग्रंथाच्या आधारे आपण वाडा बांधला, त्याच ग्रंथात हे आहे! महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या पल्लव शिल्पकारांना ते कळलं होतं. तिथल्या गोवर्धनपटात एक गवळी गाय पिळतोय, गाय वासराला चाटतेय. डोक्यावर आभाळ फाटलंय आणि खाली धार काढणं चालू आहे.

(श्रोत्यांतून : "पण नंद राजा होता. तुम्ही देवाला भटका ठरवताय!")

दादा, बसा, उत्तर देते. मी भक्तीला धक्का लावत नाहीये, मीही अष्टमीचा उपास करते. पण भागवतातला नंद कृष्णजन्मानंतर लगेच मथुरेला जातो तो कंसाला वार्षिक कर भरायला. कर भरणारा माणूस राजा कसा? आणि भटका हा शब्द तुम्ही उणेपणानं वापरलात, मी वापरला नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ सालीच गोपाळकृष्णाचा धागा आभीरांशी, गोपालक जमातीशी जोडला होता. त्यांची सगळी अनुमानं मला मान्य नाहीत, ख्रिस्तकथेशी लावलेला संबंध तर अजिबात नाही. पण आभीर आपल्याला परके नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख आहे. आषाढ पौर्णिमेला वारकरी पंढरपुराजवळ गोपाळपूरला जातात, काला होतो, तेव्हाच वारी पुरी होते. विठोबाचं मूळ गोपजनांत कसं आहे हे रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये मांडलं. आपल्या दैवताचं नातं चरणाऱ्या कळपाशी आहे हे महाराष्ट्रानं तरी नाकारू नये.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. एकच मागणं आहे, तेही समोर बसलेल्या कीर्तनकार मंडळींकडे. अष्टमीच्या कीर्तनात उत्तररंगाला दहीहंडी दरवर्षी लावता. यंदा लांडग्यांचं आख्यान लावा. हरिवंशातला तो भाग मराठी अर्थासह लिहून द्यायला मी तयार आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी खाली सतरंजीपाशी मला भेटावं.