दप्तर घेतलं, लसीचं कार्ड पाहिलं का?

जून आला की आपल्या घरात दप्तर, गणवेश, वह्या, छत्री अशी यादी सुरू होते. आमच्या बचत गटांत अंतर्गत कर्जाची मागणीही याच महिन्यात वाढते. त्या यादीतली एक गोष्ट मात्र बिनपैशाची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे शाळेत जायच्या वयातली लस.

बैठकीत आम्ही विचारलं, "मुलांच्या लसी पूर्ण झाल्या का?" सगळ्यांनी हो म्हटलं. मग कार्डं आणायला सांगितली, तर पहिलीत जाणाऱ्या बऱ्याच मुलांच्या कार्डावर खालचा रकाना कोरा! यात आयांची हयगय नाही. दीड-दोन वर्षांच्या लसी झाल्या की पुढे तीन वर्षं कुणी टोचायला बोलावत नाही. मग संपलं असंच वाटतं. पण 5 ते 6 वर्षांच्या दरम्यान त्रिगुणीचा दुसरा बूस्टर असतो, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यासाठी. पुढे 10 व्या आणि 16 व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस. ती मुलगे आणि मुली दोघांनाही.

घटसर्प आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेला नाही. जुन्या बायकांना विचारा. घशात करडा पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास अडतो, विष हृदयापर्यंत पोचतं. लहानपणीच्या लसीचा जोर हळूहळू उतरतो, आणि नेमक्या त्याच वयात मूल एका खोलीत तीस-चाळीस मुलांबरोबर बसू लागतं. म्हणून हा डोस शाळेच्या तोंडावर.

कार्ड नसेल तर शाळा प्रवेश देणार नाही का, असं काहीजणी विचारतात. काही खासगी शाळा अर्जासोबत झेरॉक्स मागतात. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आहे. कार्ड सापडत नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका. शाळेत घाला, आणि लसही द्या. शाळेने अडवलं नाही म्हणजे लसीची गरज नाही, असा अर्थ तेवढा काढायचा नाही.

सगळ्यात जास्त गळती होते ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने काढायचे. कोपीत कार्ड भिजतं, फाटतं, हरवतं. अशा बहिणींना आमचं सांगणं आहे की कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, आपल्याच गावची पाहिजे असं नाही. कार्ड हरवलंच तर जिथे लस दिली तिथल्या नोंदवहीत पाहता येतं, अलीकडे यू-विनवरही नोंद होते. आणि मधला डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलं तेवढं पूर्ण करतात. मात्र त्रिगुणी 7 वर्षांपर्यंतच देतात. त्यापुढच्या मुलाला काय द्यायचं ते सिस्टर सांगतील. तेव्हा लाजून घरी बसू नका.

"गोवर काय, देवी येते नि जाते," असं अजूनही ऐकू येतं. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे, तसंच मालेगाव-भिवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. गोवर-रुबेलाचे दोन डोस कार्डावर दिसतात का, तेही याच वेळी पाहून घ्या.

राहिली तापाची भीती. त्रिगुणीनंतर दंड दुखतो, एखाद-दोन दिवस ताप येतो. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा, टोचलेली जागा चोळू नका, तापाचं औषध सिस्टर सांगतील तेवढंच द्या. ताप जास्त वाटला, उतरला नाही, तर दवाखाना गाठा. सासूबाईंनाही एकदा सोबत न्या, म्हणजे घरी आल्यावरचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात!

लसीकरणाचा वार गावोगावी वेगळा असतो, तो आशाताईंना विचारा. आमच्या गटांत ठरलंय की या महिन्याच्या बैठकीला पासबुकाबरोबर मुलांची कार्डंही आणायची. सचिव हप्ते लिहून घेईल तोवर दुसरी एकजण रकाने पाहील. ज्यांचा कोरा निघेल त्या एकाच दिवशी मिळून उपकेंद्रात जातील, आणि मागे राहिलेल्या धाकट्यांना आळीपाळीने एकेकीने सांभाळायचं.