गळाचं आमिष : आधी मासा, मग रंग



मुळा, भंडारदरा आणि जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दूरवर पसरलं आहे. त्यात आता शेततळ्यांची भर पडली. त्यामुळे हौसेनं गळ टाकणारे पुष्कळ झाले. बाजारात चकाकणारे नकली मासे आणि रबरी बेडूक मिळतात. त्यातला कोणता रंग घ्यावा, असं पुष्कळजण विचारतात. रंगाचं नंतर पाहू. आधी मासा कोणता ते ओळखा.

रोहू, कटला, मृगळ हे शिकारी मासे नव्हेत. त्यांच्यासाठी नकली माशावर पैसे घालवू नका. कणकेचा किंवा शेंगदाणा पेंडीचा गोळा पुरे. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, म्हणून त्याचं आमिष वरच्या थरात ठेवा. रोहूला मधल्या थरात, मृगळाला तळाशी. शिंगाळा मिशांनी चाचपत, वास घेत तळाशी फिरतो. त्याला गांडूळ लावा. रंगाचा प्रश्नच नाही.

मरळ मात्र पक्की शिकारी. पाटाच्या पाण्याबरोबर ती शेततळ्यात शिरते आणि आपण पैसे मोजून सोडलेली बोटुकली फस्त करते. तिच्यासाठी नकली बेडूक कामाला येतो. काठच्या गवताजवळून तो पाण्यावर थांबत थांबत ओढा.

आता रंग. पाणी नितळ असेल तर चंदेरी किंवा हिरवट, म्हणजे खऱ्या भक्ष्यासारखा. गढूळ असेल तर पिवळा किंवा नारिंगी. सांजेला पाण्यावरचं आमिष काळं घ्या. खालून पाहणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडापुढे काळी आकृती ठळक दिसते. नितळ, खोल पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो.

शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर गळ तळाला टेकू देऊ नका. कागदाला भोक पडलं तर माशापेक्षा पाणी महाग पडेल. नुसत्या गळानं सगळी मरळ निघत नाही. ती हवेतून श्वास घेते, ओल्या चिखलातही तग धरते. म्हणून उन्हाळ्यात तळं पूर्ण कोरडं करा, पाणी घेताना तोंडाशी बारीक जाळी बांधा आणि मगच बोटुकली सोडा.

धरणावर मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारा. पावसाळ्यात मरळ पिल्लांच्या थव्याची राखण करते. धरणात, नदीत अशी मरळ दिसली तर गळ आवरा. राखण करणारी मरळ गेली की पिल्लंही जातात.