बाबा घरी नसताना

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. तरी बाईंनी आग्रह केला म्हणून घरातलाच एक अनुभव सांगते.

आपले चाळीसगाव जंक्शनचे गाव. धुळ्याचा फाटा १९०० सालापासून इथून फुटतो. रेल्वेतली कुटुंबे इथे पुष्कळ. माझे यजमान मालगाडीचे चालक, ज्यांना हल्ली लोको पायलट म्हणतात. नेमणूक भुसावळची, मी मुलांना घेऊन सासूबाईंजवळ इथे. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. इगतपुरीकडे गाडी नेताना यजमान आपल्या गावावरूनच जात, पण उतरता येत नसे. विश्रांतीच्या दिवशी घरी येत, तेही जागरणाने थकून.

एकदा ते निघाले तेव्हा मुलगा म्हणाला, "बरे झाले, बाबा गेले. आता खेळता येईल." यजमान काही बोलले नाहीत. पिशवी उचलून निघून गेले. मला रात्रभर झोप नाही. मग ध्यानात आले, चूक माझी होती. पोराने हट्ट केला की मी म्हणे, "येऊ देत बाबांना, सांगते त्यांना!" आणि ते आले की, "गप्प बसा, बाबा झोपलेत!" सासूबाईही म्हणाल्या, "पोरले बापना धाक दाखाडू नको."

धाक मी त्या दिवसापासून बंद केला. रागवायचे ते जागच्या जागी मीच रागवू लागले.

जेवताना मुलगी स्टेशने म्हणे: पाचोरा, नगरदेवळा, कजगाव, वाघळी, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड. मग बाबा आता कुठवर गेले असतील, याचा अंदाज दोघे बांधत.

गाडी चालवताना चालकाला मोबाईल बंद ठेवावा लागतो. पोचल्यावर ते रनिंग रूममधून फोन करीत. पण लहान मूल फोनवर "हो", "नाही" एवढेच बोलते. म्हणून "आज बाबांना सांगायची एक गोष्ट" आम्ही आधीच ठरवून ठेवू. चिमणीचे घरटे, पडलेला दात, काहीही.

मालगाडीची वेळ ठरलेली नसते. म्हणून "उद्या नक्की येतील" असे वचन मी कधी दिले नाही. वचन मोडले की मूल आपल्यावर नव्हे, बापावर रुसते.

आणि एक काम बाबांसाठीच राखले: मुलांची नखे कापणे. झोप झाली की ते ओट्यावर बसत आणि दोघांना जवळ घेत.

फरक पडायला वेळ लागला. दोनेक महिन्यांनी मुलाची नखे फार वाढली म्हणून मी कापायला घेतली, तर त्याने हात मागे ओढला. म्हणाला, "ही बाबांची आहेत."

भगिनींनो, आपल्यापैकी कुणाचे यजमान लष्करात आहेत, कुणाचे ट्रकवर. ते दूर असताना मुलांजवळ त्यांचे नाव आपण कोणत्या सुरात घेतो, एवढे जपावे. बाकीचे मुले आपोआप करतात.